येरळेकाठचे उंच पाहुणे

दिवाळीचा फराळ संपतो, पाहुणेमंडळी आपापल्या गावी परततात आणि आमच्या औंधच्या बाजूला दुसऱ्याच पाहुण्यांची वाट पाहणे सुरू होते. हे पाहुणे पत्र पाठवीत नाहीत, तारीख कळवीत नाहीत आणि कुणाच्या उंबऱ्याला शिवतही नाहीत. आले तर ऐन थंडीत येतात आणि तळ्याच्या चिखलात पाय रोवून उभे राहतात. एखाद्या वर्षी येतच नाहीत. मग एसटीच्या थांब्यावरही विचारणा होते, "औंदा रोहित दिसला न्हाई का हो?"

औंध म्हटले की शहरातल्या वाचकांना डोंगरावरची यमाई आठवते, नाहीतर 1938 साली उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय. पाण्याशी या गावाचे नाव कोणी जोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. पण माणूस हौसेने तलाव बांधतो तो अशा कोरड्या मुलखातच! वडूजवरून मायणीकडे निघालात, की त्या अंगाला येरळवाडी, सूर्याचीवाडी आणि मायणी हे तलाव आहेत. मायणीचा तर ब्रिटिश अमदानीतला. दुष्काळी शेतकऱ्यासाठी अडवलेले हे पाणी पाखरांनी आपले मानले.

रोहिताला कोणी अग्निपंख म्हणतात, नवी मंडळी फ्लेमिंगो. उभा राहिला म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाएवढा उंच. वजन मात्र तीन-चार किलो. त्याची जेवणाची तऱ्हा और आहे. लांब मान खाली सोडून तो चोच उलटी धरतो आणि जिभेने चिखलपाणी आतबाहेर खेळवतो. चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ, किडे आणि पाण्यातले बारीक जीव अडकतात. पंखांवरची लाली येते ती याच अन्नातून. पिल्लू जन्मते ते करडे. कच्छच्या रणात या पक्ष्यांची मोठी वीण होते. 1945 साली सालिम अलींनी तेथे सुमारे पाच लाख रोहित असल्याचा अंदाज केला होता. चिखलाच्या ढिगाऱ्यावर एकच अंडे, एवढाच प्रत्येक जोडप्याचा संसार!

दुसरा पाहुणा पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसाचा भाऊबंद तिबेट, लडाख, मंगोलिया अशा थंड प्रदेशांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली उतरतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्याची नोंद झाली आहे. मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले काही कदंब विदर्भातल्या तलावांवर आढळले आहेत. हा पाहुणा दिवसा पाण्यावर विसावतो आणि अंधार पडू लागला की हरभऱ्याच्या रानात उतरतो.

खरी अडचण येथे सुरू होते. रोहित चिखल खातो, त्याचे कौतुक करायला पैसा पडत नाही. कदंब मात्र कोवळा हरभरा खुडतो. तलावाकाठच्या एका शेतकऱ्याला मी विचारले, "राग नाही येत का, बापू?" तो म्हणाला, "येतो की! पर हाकललं तर उठत्यात आन् शेजाऱ्याच्या रानात बसत्यात. मग शेजारी माझ्यावर रागावतो." एवढे बोलून तो हसला, पण नुकसान हे नुकसानच. शहरात बसून पक्षिप्रेमाचे धडे देणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

दुसरी अडचण पाण्याची. रोहिताला उथळ पाणी लागते. तलाव आटला तर तो जातो आणि तुडुंब भरला तरी जातो. उरमोडी आणि टेंभू योजनांचे पाणी आता या दुष्काळी भागात फिरू लागले आहे. शेतकऱ्याने त्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली. ते पाणी पाखरांसाठी अडवा असे कोण म्हणेल? मात्र तलावाच्या कडेचा उथळ पट्टा तेवढा मोकळा ठेवता येतो. पाणी ओसरले की त्या गाळात गाळपेर होते, जाळी पडतात, मोटारी लागतात. थोडी जागा, थोडे दिवस सोडले तरी दोघांचे भागते.

2021 साली राज्य शासनाने मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. चांगलेच झाले, पण नकाशावरच्या रेषेने पाखरू बसत नाही. मोटार कोठे लावायची, गाळ कोठवर नांगरायचा, हे शेवटी काठावरची गावेच ठरवणार. या मातीला ते नवे नाही. 1939 साली औंध संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडीही त्याच संस्थानात होती. राज्य चालवण्याची जबाबदारी ज्यांच्या वाडवडिलांवर टाकली गेली, त्यांना तळ्याची कड सांभाळणे अवघड का जावे?

वाचकहो, जानेवारीत मुलाबाळांना घेऊन जरूर या. दुर्बीण आणा, भडक कपडे टाळा आणि काठापासून दूरच थांबा. बऱ्या फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उठवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. उडालेला थवा सुरेख दिसतो खरा. पण अशा प्रत्येक उड्डाणात पाखराच्या अंगातली चरबी जळते, आणि परतीच्या वाटेवर त्याची शिदोरी तेवढीच असते.