फ्रीजचे तुंबलेले तुडुम

या खेपेला उसाची लागवड बाजूला ठेवून आम्ही घरच्या फ्रीजची गोष्ट सांगणार आहोत.

आमचा एकदारी फ्रीज १९९६ सालचा. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. यंदा पावसाळ्यात भाजीच्या डब्याखाली रोज पेलाभर पाणी साचू लागले. सांबार सडला, ते चालून गेले. पण आईच्या इन्सुलिनचा खोका भिजला, तेव्हा घरात बोलणी सुरू झाली. "फेका आता हे डबडं," इति चिरंजीव. दुरुस्तीवाल्यानेही दार उघडून बंद केले आणि "गॅस गेला, नवा घ्या" असे सांगितले. आम्ही म्हटले, गॅस गेला तर बर्फ कसा जमते बाप्पा? त्यावर तो गप्प.

मग आम्हीच मांडी ठोकून बसलो. हे पाणी येते हवेतून. दार उघडले की दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ फ्रीझरवर गोठते. बटण दाबून बर्फ वितळवला की पाणी मागच्या भिंतीतल्या बारीक भोकातून नळीने उतरून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जाते. काही फ्रीजमध्ये हे भोक फ्रीझरखालच्या ट्रेमागे असते. मामा तलावाला जसे तुडुम, तसे फ्रीजला हे भोक. तुडुमात गाळ बसला तर पाणी पाळीवर चढणारच!

आधी प्लग काढला, कारण ओल्या फरशीवर विजेशी खेळ नको. दार उघडे टाकून बर्फ आपोआप वितळू दिला. घाई झाली तर आत कोमट पाण्याचे भांडे ठेवावे. सुरी मात्र लावू नये. फ्रीझरचा पत्रा पातळ असतो आणि गॅस त्याच्याच नळ्यांतून फिरतो. त्या काळच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-१२ हा गॅस असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो आपल्याकडे २०१० पर्यंत बंद झाला. म्हणजे सुरीचे एक टोक लागले की जुना फ्रीज खरोखरच भंगारात! नव्या फ्रीजमध्ये पुष्कळदा आर-६००ए असतो. तो पेट घेणारा, म्हणून तिथे तर जास्तच जपावे.

भोकात लोखंडी तार न घालता ठिबकच्या मायक्रोट्यूबचा हातभर तुकडा हळूहळू सरकवला. मग सुई काढलेल्या सिरिंजने खाण्याच्या सोड्याचे कोमट पाणी सोडले. आधी काहीच नाही. तिसऱ्या खेपेला भळकन काळा चिकट मळ, सांबाराच्या काड्या आणि लिंबाची एक बी मागच्या ट्रेत पडली. तो ट्रेही घेतल्यापासून कोणी धुतला नव्हता. वासाचे वर्णन करीत नाही.

दाराचे रबर कागद अडकवून पाहिले. बिजागरीकडे कागद सहज निसटला, म्हणजे दमट हवा तिथूनच शिरत होती. रबर बदलून घेतले. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर भोक आतल्या पडद्यामागे, हीटरजवळ असते. तो पडदा जाणकारालाच उघडू द्यावा.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते आणि एकदा गोठले की टाकूनच द्यावे लागते. म्हणून आईचा खोका आता झाकणाच्या डब्यात, मधल्या फळीवर, फ्रीझरपासून दूर आहे. सांबार कागदात गुंडाळलेला असतो. डब्याखालची जागा कोरडी आहे, आणि चिरंजीव रोज उघडून पाहतात.