आधी वाफ, की आधी भीती?

जागतिक मेनोपॉज दिन असतो १८ ऑक्टोबरला. नाशिकसाठी याहून चपखल तारीख सापडली नसती. ऑक्टोबर हीटने शहर तापलेलं असतं आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीची धांदल चालू असते. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणारी पंचेचाळिशीची बाई अचानक घामाने निथळते. हा घाम उन्हाचा, पाळी जायच्या दिवसांतल्या वाफांचा, की कसल्या तरी धसक्याचा? तिला सांगता येत नाही. कॉलेज रोडवरच्या एसी ऑफिसात बसलेल्या तिच्या वयाच्या बाईलाही सांगता येत नाही. धडधड दोघींची सारखीच, आणि ‘मला हार्ट अटॅक तर येत नाहीये ना?’ हा प्रश्नही सारखाच.

हॉट फ्लॅश (म्हणजे ही वाफ) आणि पॅनिक अटॅक (भीतीचा झटका) बाहेरून जुळ्या बहिणींसारखे दिसतात. तरी दोघींना ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्या खुणांच्या मागचं विज्ञान फार रंजक आहे.

पाळी चालू असतानाच

बऱ्याच जणींचा गोंधळ इथेच सुरू होतो. ‘माझी पाळी तर येतेय, मग मेनोपॉज कसा?’ सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं वैद्यकशास्त्र मानतं. पण हार्मोन्सचे चढउतार त्याच्या काही वर्षं आधीपासून चालू असतात. हाच पेरिमेनोपॉज. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, आपल्याकडे ते ४६-४७ धरलं जातं. म्हणजे चाळिशी ओलांडता ओलांडता पहिली वाफ आली, तर त्यात अघटित काही नाही.

आणि हे दोन महिन्यांत आटोपेल असंही समजू नये. १९९६ पासून अमेरिकेत चाललेल्या ‘स्वान’ या मोठ्या अभ्यासात, ज्यांना वाफा वरचेवर येत होत्या त्यांच्यापैकी निम्म्या जणींचा त्रास ७.४ वर्षांहून जास्त चालला.

मेंदूतला ०.४ अंश

हायपोथॅलॅमस हा मेंदूचा चिमुकला भाग शरीराचं तापमान सांभाळतो. तापमान एका मर्यादेच्या वर गेलं की घाम, खाली गेलं की कुडकुड. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा शांततेचा. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी हा पट्टा मोजला. ज्यांना वाफा येत नव्हत्या त्या बायकांत तो सुमारे ०.४ अंश सेल्सियस निघाला, आणि ज्यांना येत होत्या त्यांच्यात जवळजवळ शून्य. शरीर किंचित तापलं तरी मेंदू सगळी दारं उघडतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती-मान-चेहरा पेटतो, घाम फुटतो. मग त्या घामाने अंग जास्तच निवतं आणि हुडहुडी भरते.

म्हणून जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला असतानाही एखादी बाई शाल भिरकावून देते आणि दहा मिनिटांनी तीच शाल मागते. घरच्यांनी याला लहरीपणा म्हणू नये. तो पट्टा खरोखरच उरलेला नसतो.

हा पट्टा का नाहीसा होतो, याचा धागा ॲरिझोना विद्यापीठाच्या नेओमी रान्स यांच्या हाती लागला. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी फुगलेल्या दिसतात, हे त्यांना १९९० च्या सुमारास आढळलं. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की या पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन जोरात सोडतात. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये निरोगी तरुण स्त्रियांना हेच रसायन शिरेतून दिलं, आणि त्यांना वाफा आल्या! त्या रसायनाची वाट अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. या संशोधनात उंदरांचाही मोठा वाटा आहे. उंदीर शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या शेपटीचं तापमान मोजत बसायचे.

बोटं चाचपून पाहा

मला सगळ्यांत आवडलेली खूण ही. वाफ येते तेव्हा कातडीतले रक्तप्रवाह खुले होतात, त्यामुळे बोटंही गरम होतात. पॅनिकमध्ये शरीर पळून जायच्या तयारीत असतं. ॲड्रिनॅलिन हातापायांच्या कातडीतलं रक्त आखडून घेतं, म्हणून हात गार आणि ओले पडतात. त्यात श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. आपल्या आज्या ‘हातपाय गार पडले’ म्हणायच्या, ते निरीक्षण अचूक होतं.

दुसरी खूण क्रमाची. वाफेत सहसा आधी ऊब येते, छातीपासून वर चढते, आणि भीती आलीच तर मागून, ‘हे काय होतंय मला?’ म्हणून. पॅनिकमध्ये भीतीच पुढे असते: आता मी मरणार, माझा तोल जाणार, इथून पळालं पाहिजे. श्वास पुरत नाही, गळा आवळल्यासारखा होतो, आजूबाजूचं सगळं खोटं वाटू लागतं. हे खोटं वाटणं निव्वळ वाफेत सहसा होत नाही.

तिसरी खूण घड्याळाची. वाफ बहुधा एक ते पाच मिनिटांत ओसरते. पॅनिक काही मिनिटांत, बहुतेकदा दहाच्या आत, शिखर गाठतो आणि उतरायला आणखी वेळ घेतो. नंतरचा थकवा तर तासन्‌तास रेंगाळतो.

पण एकाच खुणेवर निकाल देऊ नये. काही जणींना वाफेच्या काही क्षण आधीच अस्वस्थ वाटतं, छाती धडधडते. आणि मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या पॅनिक अटॅकच्या १३ लक्षणांच्या यादीत ‘अंगातून गरम लाट किंवा थंडी’ हेही एक आहे. निदानाला त्यातली किमान चार लागतात. दोन-तीन खुणा एका दिशेला बोट दाखवू लागल्या की मगच अंदाज बांधावा.

एकाच झाडाने दोन्ही

योहिम्बिन हा आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतला अर्क. तो मेंदूत नॉरॲड्रिनॅलिन वाढवतो. पॅनिकचा आजार असलेल्यांना दिला तर पॅनिक येऊ शकतो. वाफा येणाऱ्या बायकांना फ्रीडमन यांनी दिला तर वाफा आल्या. म्हणजे दोन्ही त्रासांच्या मुळाशी एक तार सामायिक आहे.

उपचाराच्या बाजूनेही तेच दिसतं. पॅरॉक्सेटिन हे पॅनिकवरचं जुनं औषध. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याचाच ७.५ मिलिग्रॅमचा अगदी कमी डोस वाफांसाठी मंजूर झाला. (स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी मात्र हे टाळावं, कारण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं.) आणि विचारांच्या सवयी बदलणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत दोन्हींत उपयोगी पडते. वाफांची संख्या ती फारशी घटवत नाही, पण त्यांचा जाच कमी करते. वाफांवर सगळ्यांत प्रभावी उपाय आजही हार्मोन थेरपीच आहे. ती कोणाला चालेल, कोणाला नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्वीचे आजार पाहून ठरवतात.

पॅनिकचा आजार स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या अधिकृत यादीत आला तो थेट १९८० मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांतल्या किती बायकांना ‘नसांचा त्रास’ म्हणून गप्प केलं गेलं असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

देवमासे आणि चिंपांझी

पिलं देणं थांबल्यावरही दशकानुदशकं जगणाऱ्या माद्या प्राणिजगतात फार थोड्या. ओर्का, आखूड परांचा पायलट व्हेल, बेलुगा आणि नारव्हाल अशा काही दातांच्या देवमाशांत त्या आढळतात. ओर्काची मादी साधारण चाळिशीपर्यंत पिलं देते आणि पुढे ऐंशीच्या घरात जाऊ शकते. २०२३ मध्ये युगांडाच्या किबाले जंगलातल्या न्गोगो इथल्या चिंपांझींमध्येही मेनोपॉज असल्याचं दिसलं. त्यांना वाफा येतात का, हे कोण विचारणार!

पुरुषांना मात्र येतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हार्मोन दाबणारी औषधं घेणाऱ्या बऱ्याच पुरुषांना वाफा येतात, अगदी तशाच.

रात्रीचं प्रकरण

झोपेतून दचकून उठलात, घाम, धडधड. पॅनिक रात्रीही येतो आणि तो वाईट स्वप्नामुळे येत नाही. तो येतो स्वप्नांच्या आधीच्या, झोप गाढ होत जाण्याच्या टप्प्यात. खूण साधी आहे. उशी-गाऊन ओलेचिंब, पांघरूण नकोसं, पण पंखा वाढवल्यावर पुन्हा डोळा लागतो, तर ती बहुधा वाफ. कपडे फारसे भिजलेले नाहीत, पण उठून बसावं लागतं, खिडकी गाठावी लागते, आणि पुन्हा झोपायचीच भीती वाटते, तर पॅनिकचा विचार करा.

दिवसाचीही एक गंमत आहे. फ्रीडमन यांच्याच एका प्रयोगात वाफा सर्वांत जास्त आल्या त्या संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. नेमकी ऑफिसातून घरी पोचण्याची आणि गॅस पेटवण्याची वेळ!

मिसळ आणि वाइन

नाशिककरांचा लाडका सवाल: मिसळ सोडायची का? तिखट, गरम चहा, मद्य यांनी वाफ उसळते असं अनेक जणी सांगतात. ते टाळल्याने वाफा कमी होतात याचा पुरावा मात्र भक्कम नाही. त्यामुळे सरसकट बंदी घालून घेऊ नका. रविवारच्या काळ्या रश्श्यानंतर तुम्हाला स्वतःला काय होतं ते पाहा. गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत चाखलेल्या रेड वाइनलाही हाच नियम. कॉफीचं थोडं वेगळं: ज्यांना पॅनिक येतो त्यांच्यात जास्त कॅफिन झटका आणू शकतं.

तिसरीच कोणी असेल तर?

हा भाग चटपटीत नाही, पण सर्वांत महत्त्वाचा आहे. थायरॉइड जास्त काम करू लागला की उकडतं, धडधडतं, हात थरथरतात. रक्त कमी असेल तरी धडधड आणि धाप येते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय होता. म्हणून थायरॉइडची टीएसएच आणि रक्ताची हिमोग्लोबिन या दोन तपासण्या आधी.

नाशिकची खास गोष्ट पुढे आहे. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट हायड्रोजन सायनामाइडची. हे रसायन शरीरात दारू पचवणारं एन्झाइम अडवतं. पेस्ट लावून आलेल्या माणसाने त्या काळात मद्य घेतलं तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, धाप लागते. पेठ-सुरगाण्याहून बागेत कामाला येणाऱ्यांना हातमोजे द्यावेत आणि हेही सांगावं, ही मालकाची जबाबदारी आहे.

आणि पिशवी काढलेल्या बायका. त्यांना पाळीची खूणच उरत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, कित्येकींचं तर ऐन तारुण्यात. अंडाशयही काढलं असेल तर वाफा काही दिवसांतच आणि जोरात सुरू होतात. नुसतं गर्भाशय काढलं तरी अंडाशय लवकर थकू शकतं. अशी तिशीतली बाई ‘अंगातून आग निघते’ म्हणत दवाखान्यात आली, तर वय बघून तिला परत पाठवू नये.

हृदयाबाबत धोका पत्करू नका. जिना चढताना किंवा ओझं उचलताना छातीत दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, शुद्ध हरपणं, अशा वेळी वाफ की पॅनिक हा खल करत बसायचा नाही. १०८ ला फोन. बायकांचा हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखताही येतो, नुसती धाप, मळमळ आणि विलक्षण थकवा घेऊन.

वहीत काय लिहायचं

वेळ. तेव्हा काय चाललं होतं. आधी ऊब की आधी भीती. बोटं गरम की गार. किती मिनिटं. कपडे भिजले का. शेवटची पाळी कधी. इतकंच, दोन-तीन आठवडे. ‘कधी कधी कसंतरी होतं’ यापेक्षा या सात गोष्टींवरून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. हीच वही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही, कारण दोन्ही त्रास एकाच बाईला होऊ शकतात. भर मीटिंगमध्ये किंवा सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत वाफ आली की ‘लोक बघतायत’ या धास्तीने पॅनिक सुरू होतो, आणि मग पुढच्या वाफेचीच भीती बसते.

झटका आलाच तर श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका. त्रास हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असेल तर ती घातक ठरते. शेजारी असलेल्याने ‘काही नाही, शांत हो’ म्हणण्याऐवजी हात हातात घ्यावा. धीरही मिळतो आणि बोटं गरम की गार, हेही कळतं. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.