पोळा ते आखाजी

मार्च संपत आलाय. तामसवाडीला बोरी धरणाचं पाणी काठ सोडून आत सरकलंय आणि मागे उघड्या पडलेल्या गाळाला कडेकडेने भेगा पडू लागल्यात. सूर्य नुकताच वर आलाय. पारोळ्याच्या रस्त्याला दुधाच्या किटल्या टांगलेल्या मोटारसायकली एकामागोमाग चालल्यात. शेतांतली दादर ज्वारी कापून झाली आहे, कडबा आडवा पडलाय, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचून ठेवल्यात. मी धरणाच्या भिंतीकडे जात नाही. फुगवट्याला येऊन मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी, बाभळीखाली बसतो. नाल्याचं वाहणं केव्हाच थांबलंय. मधे मधे डबकी आहेत, त्यांना जोडणारी ओल आहे, आणि जिथून म्हशी पाण्यात उतरतात तिथे खुरांनी तुडवलेला काळा चिखल आहे.

त्या चिखलात हिरवी तुतवार चरते आहे.

आकार मैनेच्या आसपास, वजन जेमतेम ७५ ग्रॅम. पाठ गडद, तिच्यावरची हिरवट झाक ऊन तिरपं पडलं तरच कळते. पोट पांढरं. डोळ्याभोवती बारीक पांढरं कडं. मानेवरच्या आणि छातीवरच्या रेघा आता ठळक झाल्यात, पाठीवरचे ठिपकेही उठून दिसतात. डिसेंबरात हाच पक्षी फिका, धुरकट होता. विणीचा पोशाख अंगावर चढतोय, म्हणजे निघायची वेळ जवळ आली.

एका खुराच्या ठशात बोटभर पाणी साचलंय. तुतवार त्यात चोच घालते, काहीतरी उचलते, गिळते, दोन पावलं टाकते. प्रत्येक थांब्याला तिच्या शरीराचा मागचा भाग खालीवर हलतो. पुढचा ठसा. त्यात पुन्हा चोच. डासांच्या आणि चिखलमाश्यांच्या अळ्या, पाणकिडे, बारीक गोगलगायी, जे सापडेल ते. एकदा ती एक पाय चिखलात ठेवून थरथरवते आणि वर आलेलं काहीतरी चटकन टिपते. अर्धा तास झाला, तिने हा वीसेक पावलांचा पट्टा सोडलेला नाही. पलीकडे मोठं डबकं आहे, पण त्याचे काठ उभे आहेत आणि पाणी काठापासूनच खोल. त्या बाजूला ती फिरकतसुद्धा नाही.

धोबी पक्ष्याची जोडी जवळ आल्यावर ती सरकून जागा देते. पण खालच्या डबक्यावरून दुसरी तुतवार येऊन टेकते तेव्हा वागणं पार बदलतं. मान पुढे काढून ही सरळ तिच्या अंगावर धावते. नवी आलेली उडते, आणि तो क्षण मला हवाच होता. पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी, आणि शेपटीच्या वर चुन्याचं बोट ओढल्यासारखा लख्ख पांढरा पट्टा. उडताना ओरडते, तिखट, चढत्या सुरात, दोन-तीन तुकड्यांत. आवाज नाल्याच्या दोन्ही काठांवर आपटतो. मालकीणबाई परत चिखलात उतरतात. हिवाळी मुक्कामात ही तुतवार बहुधा एकटी राहते आणि आपला तुकडा राखते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात पायांत कडी घातलेल्या हिरव्या तुतवारी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पाणथळींवर आल्याचं पक्षी-अभ्यासकांना आढळलं आहे. या नाल्यातल्या पक्ष्याच्या पायात कडं नाही. पण याच उतारावर, याच ठशांमध्ये एकच एक तुतवार दर हिवाळ्यात दिसते, तेव्हा ती तीच असावी असं माझं मन घट्ट धरून बसलंय.

“काय देखी ऱ्हायनात, भाऊ?”

मागून आवाज येतो. धोतर, टोपी, खांद्यावर काठी. म्हशी पुढे निघून गेल्यात, बाबा मागे थांबलेत. मी बोट दाखवतो. ते दुर्बिणीला हातही लावत नाहीत.

“हाई पाखरू? हाई तं आमना नालाम्हा रोज ऱ्हास. एकलंच ऱ्हास. जोडी बी नही, थवा बी नही. म्हशीस्ना मांगे मांगे फिरस.”

“केव्हापासून दिसतं, बाबा?”

“पोयाले येस, आखाजीना पहिले निंघी जास. दर साल. कथा जास, काय माहीत.”

मी हातातली वही मिटतो. पक्ष्यांच्या पुस्तकांत या तुतवारीच्या येण्याजाण्याचे महिने ऑगस्ट ते एप्रिल असे दिलेले असतात. बाबांनी तेच वेळापत्रक खानदेशच्या दोन सणांमध्ये बसवून दिलं. श्रावणातल्या अमावास्येला बैलांच्या शिंगांना रंग लागतो तेव्हा ही नाल्यात हजर असते. वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, तोवर ही गेलेली असते. मधले आठ महिने तिचा संसार इथे, बोरीच्या खोऱ्यात. उत्तरेत ती राहते ते अंडी-पिल्लांपुरते, मे ते जुलै. उरलेले दिवस वाटेत. थंडीपुरती आलेली पाहुणी म्हणून तिच्याकडे बघायची सवय मला आता सोडावीशी वाटते, कारण तिच्या वर्षाचा सगळ्यात मोठा तुकडा या तालुक्याच्या पाण्यावर निघतो.

ती कुठे जाते, ते मी बाबांना सांगतो. तापी ओलांडायची, सातपुडा ओलांडायचा, मग सगळा उत्तर हिंदुस्थान आणि हिमालयाची रांग. लडाखच्या उंच पाणथळींवर या तुतवारी प्रवासात टेकलेल्या दिसतात. त्याच्या पलीकडे मध्य आशियाचं कोरडं पठार, आणि मग रशियातली सूचिपर्णी झाडांची ओली, दलदलीची जंगलं. इथून साधारण चार हजार किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त.

“आनि मंग तठे चिखलम्हा अंडं देस?”

नाही, आणि हेच मला या पक्ष्याबद्दल सगळ्यात विलक्षण वाटतं. आयुष्यभर चिखलात पाय रोवून चरणारा हा पक्षी अंडी घालतो झाडावर. चिखलपायी पक्ष्यांमध्ये अशी सवय असलेल्या जाती जगात बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचे जवळजवळ सगळे जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालतात. आपली टिटवी शेतात घालते तशीच. हिरवी तुतवार स्वतः घरटं बांधत नाही. कस्तूर जातीच्या पक्ष्यांनी आदल्या वर्षी वापरून सोडलेलं घरटं ती शोधते, कधी रानकबुतराचं, कधी खारीचं. सूचिपर्णी झाडाच्या किंवा भूर्जाच्या फांदीवर, जमिनीपासून चांगलं उंच. चार अंडी. तीन आठवडे उबवायची. पिल्लं अंड्यातून निघतात ती केसाळ, डोळे उघडे, पाय चालते. पंख मात्र नाहीत. ती घरट्याच्या काठावर येतात आणि खाली उडी घेतात. इतकी हलकी असतात की शेवाळाच्या गादीवर पडून त्यांना काही होत नाही, उठून आईबापांमागे चालू लागतात.

बाबा काठीवर हनुवटी टेकवून ऐकतात. “पडस आनि चालस,” ते स्वतःशीच म्हणतात.

पुढचं सांगताना माझाच आवाज बदलतो. पिल्लांना पंख फुटायच्या आधीच आई बहुतेक वेळा दक्षिणेकडे निघून जाते. बाप थांबतो, पिल्लं उडू लागली की तोही जातो. पिल्लं सगळ्यांत शेवटी निघतात. म्हणजे पोळ्याच्या पुढेमागे या नाल्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्या तुतवारीला वाट दाखवणारं कोणी नसतं. वाट तिच्या अंगातच असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांचा आधार घेत स्थलांतरी पक्षी दिशा धरतात, बराचसा प्रवास रात्री करतात. दोन-अडीच महिन्यांचं ते पोर रात्रीच्या अंधारात हिमालय मागे टाकून येतं आणि सकाळी तामसवाडीच्या अलीकडे, म्हशींच्या उतारावर चरायला लागतं.

ऊन वाढतंय. बाबा म्हशींमागे जातात, मी फुगवट्याच्या उघड्या गाळाकडे. इथे सगळी गर्दी आहे. शेकाटे लांब गुलाबी पायांनी पाण्यात उभे आहेत. कंठेरी चिखल्या धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. टिलव्यांचा थवा गाळाच्या कडेने पसरलाय, इतके लहान की हलले नाहीत तर ढेकळांत मिसळून जातात. ठिपकेवाल्या तुतवारी इथे घोळक्याने आहेत. त्या हिरव्या तुतवारीच्या नात्यातल्या, पण स्वभावाने मोकळ्या. कोणी गाळपेर करून काकड्या लावल्यात, त्या वाफ्यांच्या पाटातही दोन शिरल्यात. एक घार खाली येते आणि सगळा काठ एकदम उठतो, वळतो, पुन्हा बसतो.

असे मोठे थवे लोकांना दिसतात. जळगावकडचे पक्षीमित्र हतनूरला जातात, नाशिककडचे नांदूरमध्यमेश्वरला. ते तर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, त्याचा आनंद मलाही आहे. पुढच्याच महिन्यात स्थलांतरी प्राण्यांविषयीची जागतिक परिषद गांधीनगरला भरली. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या ३० देशांतून जाणाऱ्या पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाची तेव्हा खूप चर्चा झाली. १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, तीही मुख्यतः तलावांवर आणि धरणांवर. नाल्यातली एकटी तुतवार कोणाच्या रकान्यात येत नाही. तिच्यासारख्या हजारो पारोळा, अमळनेर, धुळे, साक्रीच्या नाल्यांवर एकेकट्या पसरलेल्या असल्या, तरी थवा म्हणून त्या कधी दिसणारच नाहीत.

प्रवासाच्या कथाही थव्यांच्या आणि विक्रमांच्याच सांगितल्या जातात. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं पाच महिन्यांचं पोर अलास्काहून उडालं आणि ११ दिवस कुठेही न टेकता टास्मानियाला पोचलं. १३,५६० किलोमीटर. अंगावरच्या यंत्रामुळे उपग्रहाने ती वाट टिपली. वाचताना अंगावर काटा येतो. हिरवी तुतवार मात्र समुद्र कापणारी नाही, ती जमिनीवरून, जागोजाग गोडं पाणी गाठत जाते. म्हणून तिचा मार्ग डबक्यांनी बनलेला आहे. त्यातलं एखादं आटलं तर ती पुढचं शोधते. सलग पाच-पंचवीस गेली तर काय करील, याचा विचार मला इथे उन्हात उभा असताना सोडत नाही.

आणि डबकी जातायत, तीही चांगल्या कामापायी. पारोळा अवर्षणाचा तालुका. टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावलेले मी पाहिलेत. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, आणि गावोगावी पोकलेन उतरले. नाले खोल आणि रुंद झाले, विहिरींना पाणी आलं. या कामाविरुद्ध बोलायला माझी जीभ वळत नाही. पण यंत्राने खोदलेल्या नाल्याचे दोन्ही काठ सरळ उभे असतात. काठावर पाऊल ठेवलं की कमरेएवढं पाणी. तिथे गाळाचा उथळ पट्टा राहत नाही, अळ्या वाढत नाहीत, बोटभर उंचीच्या पायांना उभं राहायला जागा मिळत नाही. पाणी वाढतं आणि पाणथळ नाहीशी होते. नदीतून वाळू उपसली की असंच होतं. दोन ट्रॅक्टर माझ्यासमोरून पात्रात उतरतायत, मागच्या ट्रॉल्या रिकाम्या आहेत.

यावर उपाय महागही नाही. खोलीकरण करताना एका बाजूचा काठ उतरता ठेवायचा, तोही सगळीकडे नाही, मधेमधे. साठ्यात फारशी तूट येत नाही आणि पाणी उतरेल तसा ओला पट्टा त्याच्याबरोबर खाली सरकत राहतो. पोळ्यापासून आखाजीपर्यंत.

परत नाल्याकडे येतो तेव्हा म्हशी पाण्यात बसल्यात आणि बाबा बाभळीखाली भाकरी सोडून बसलेत. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी माझ्या हातावर ठेवतात, नको म्हणायची सोय नाही. तुतवार त्याच पट्ट्यात, म्हशींच्या मागे. बोलता बोलता कळतं की हा नालाही यंदाच्या यादीत आहे. आखाजी झाली की मशीन येणार.

मी उताराची गोष्ट काढतो. कशी पटवावी हे मला सुचत नाही, पाखरासाठी काठ सोडा असं ग्रामसभेत कोण म्हणणार. बाबा मला पुरं बोलूच देत नाहीत.

“आठे खोदू देवाऊत नही आम्ही,” ते म्हणतात. “उभा काठ कया तं म्हशी कथाईन उतरतीन? मांगला साल वरला नालाम्हा एक म्हैस पडनी, पाय मोडना तिना.”

हात धोतराला पुसत ते उठतात. बाभळीच्या मुळाशी टाच टेकवून पावलं मोजायला लागतात, एक, दोन, तीन, पार पलीकडच्या दगडापर्यंत. तिथे काठीने चिखलात रेघ ओढतात. तुतवार ओरडत उडते, खालच्या डबक्यावर जाऊन बसते.

“आठेथून तठेलोंग,” बाबा सांगतात. “इतलं सोडनं पडी. सरपंचले मी सांगस. तुम्ही बी या, पाखरूनं तुम्ही सांगा.”

ग्रामसभा कधी आहे, मी विचारतो, आणि वहीत तारीख लिहून घेतो.