चढाई मोठी की पकड?

श्रोतेहो, कबड्डीचा हंगाम सुरू झाला की तिसगावसारख्या गावात पारावर, चहाच्या टपरीवर, आणि शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, "एक जबर चढाईपटू असला की निम्मा सामना जिंकला म्हणून समजा." दुसरा म्हणतो, "अहो, चढाया कोणीही करील, सामना ठरतो तो पकडीवर." वाद पुणेरी पलटणविषयी असला तर आवाज जरा जास्तच चढतो. कारण २०२४ साली या संघाने प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा होता. घरच्या माणसाविषयी बोलताना आपण हिशेब विसरतो. तेव्हा आज तो हिशेबच मांडून पाहू.

प्रथम खेळाचे गणित. मैदानात एका बाजूला सात गडी, आणि चढाईला वेळ ३० सेकंद. चढाईपटूने एक गडी बाद केला की त्याच्या संघाला एक गुण मिळतो, शिवाय बाहेर बसलेला एक साथीदार परत मैदानात येतो. उलट तोच पकडला गेला, तर गुण समोरच्यांना, त्यांचा एक गडी जिवंत, आणि हा बाहेर. तो आत कधी येणार? साथीदारांनी गुण मिळवून त्याला उठवले तरच. आता असे पाहा, चढाई करणारा तो एकटाच असला, तर त्याला उठवणार कोण? त्याच्याबरोबर सगळा संघच जणू बाकावर बसतो.

दुसरा नियम तिसऱ्या चढाईचा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणून आघाडीवर असलेला संघ पहिल्या दोन चढाया मुद्दाम निदान रेषा ओलांडून, हात न लावता परत आणतो आणि वेळ काढतो. प्रेक्षक ओरडतात, "अरे, घाबरतोस काय?" पण ती भीती नव्हे, ती चाल असते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड होते आणि दोन गुण देते. तेव्हा समोर तिघेच आहेत म्हणून बेधडक आत शिरणारा चढाईपटू कधीकधी संघाचा घात करतो.

आता दोन्ही पक्षांचे साक्षीदार तपासू. चढाईच्या बाजूने मोठा साक्षीदार म्हणजे पाटणा पायरेट्सचा प्रदीप नरवाल. २०१७ सालच्या हंगामात त्याने ३६९ चढाई गुण मिळवले. एका चढाईत तर त्याने आठ गुण नेले. पाटण्याने अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे हरवून लागोपाठ तिसऱ्यांदा चषक जिंकला. एकट्याचे बळ काय करू शकते, याला आणखी पुरावा नको.

पण दुसरा साक्षीदारही ऐका. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. त्या हंगामात त्याने गुण भरपूर मिळवले, तरी संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. त्याच लिलावात पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजले ते महंमदरेझा शादलूई या इराणी खेळाडूसाठी, म्हणजे मुख्यतः डाव्या कोपऱ्यातल्या पकडीसाठी. चढाईचे ओझे अस्लम, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांनी वाटून घेतले. तिघांपैकी एकाच्याही नावावर हंगामात २०० चढाई गुण नव्हते, तरी पलटण तक्त्यात पहिली आली. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर तिने २८-२५ असा विजय मिळवला. केवळ तीन गुणांचा फरक, आणि त्यात पंकजची एक चढाई चार गुणांची!

म्हणजे पकडवाले जिंकले का? थांबा. त्याच वर्षी पुढच्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला आणि चषकही हरियाणाने नेला. इकडे अस्लमचा गुडघा दुखावला, तो हंगामाबाहेर गेला, आणि पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. २०२५ मध्ये शादलूई गुजरातकडे गेला, तेव्हा मात्र चषक त्याच्यामागे गेला नाही. पुणे पुन्हा अंतिम सामन्यात पोचले आणि दिल्लीकडून २८-३१ असे हरले. तात्पर्य, चढाई आणि पकड ही बैलजोडी आहे. एक बैल कितीही खिलारी असला, तरी दुसरा बसला म्हणजे तास सरळ निघत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा वाद आपल्या शाळेच्या मैदानावरही उतरतो. दूरदर्शनवर सामना पाहून आलेल्या प्रत्येक मुलाला चढाईच करायची असते. कोपऱ्यात उभे राहायला कुणी तयार नसतो. मग ज्याचे पाय चपळ, त्यालाच दर वेळी पुढे ढकलले जाते. तो थकतो, थकलेल्या पायावर उलटा फिरतो आणि गुडघा जातो. वयाच्या चौदाव्या वर्षी दुखावलेला गुडघा त्या पोराला जन्मभर पुरतो; शेतातल्या कामालाही आणि पोलीस भरतीच्या धावण्यालाही. म्हणून सरावात तीन तरी चढाईपटू तयार करा, प्रत्येकाला आठवड्यातून दोन दिवस कोपऱ्यात उभे करा आणि दोघादोघांची साखळी घट्ट धरायला शिकवा. गुणफलकावर चढाईचे गुण लिहिता तसे पकडीचेही खेळाडूच्या नावासमोर लिहा. ज्याचे नाव फळ्यावर येते, ते काम मुलांना हवेसे वाटते.

आणि पारावरच्या मंडळींनो, वाद जरूर घाला, वादाने खेळ वाढतो. फक्त पुढच्या सामन्यात चेंगरून, धडपडून मध्यरेषेला हात लावणाऱ्याबरोबर, आधीच्या पकडीत गुण मिळवून त्याला बाकावरून उठवणाराही पाहा. त्याच्याही नावाने एक टाळी वाजू द्या.