टाकीतले थवे

"दोन मासे घेतले की झालं."
दुकानात जोडीनंच विकतात, म्हणून हा समज घट्ट बसला आहे. झेब्रा, बार्ब, रासबोरा, निऑन टेट्रा हे सगळे थव्यानं राहणारे मासे. दोनच ठेवले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दामटतो, नाहीतर दोघंही झाडामागे दडून बसतात. किमान सहा घ्या, दहा असतील तर उत्तम. टाकी लांबट हवी. काचेचं गोल भांडं शोकेसमध्येच शोभतं.

"पाणी गढूळलं की सगळं उपसून टाकी घासावी."
माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वाढतात. टाकी घासली की तेही गेले. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते. त्यातल्या क्लोरिननं माशांचे कल्ले जळतात. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, मगच ओता.

"किनाऱ्यावरचे शिंपले, पोवळी घातली की टाकी शोभते."
शोभते, पण जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, आणि या माशांना तेच मानवतं. शिंपले हळूहळू विरघळून ते जड करतात. पोवळ्यांना तर हातच लावू नका: वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित आहेत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे.

"घरी अंडी मिळवणं आपलं काम नव्हे."
पहिल्या पावसाच्या लोंढ्याला चढणीचे मासे व्हाळातून शेतात शिरतात, ते अंडी घालायला. नव्या, गार, मऊ पाण्याची चाहूल त्यांना पुरते, आणि टाकीतही हीच युक्ती चालते. सुरुवात झेब्रापासून करा. हा मूळचा भारतीय उपखंडातलाच, हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात नोंदवलेला. २० लिटरची वेगळी टाकी घ्या, तळाला गोट्यांचा थर, वर वीतभर ताजं पाणी. पोट भरलेली एक मादी आणि दोन सडपातळ नर संध्याकाळी सोडा. उजाडलं की नर तिच्या कुशीला ढुशी देत मागे लागतात आणि अंडी गोट्यांच्या फटीत घरंगळतात. गोट्या नसतील तर आईबापच ती खाऊन टाकतात! अंडी दिसली की मोठ्यांना लगेच बाहेर काढा. २६-२८ अंशांना दोन-तीन दिवसांत काचेला सुईच्या टोकाएवढी पिल्लं चिकटलेली दिसतील. ती पोहू लागेपर्यंत काही घालू नका. मग कोबीचं पान कुजवलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव, आठवड्याभरानं आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव). अंड्याचा बलक बरेच जण सांगतात; माझ्या मते पिल्लांपेक्षा पाणी नासण्याचीच खात्री जास्त.

"जास्तीचे व्हाळात सोडले तर पुण्य लागतं."
मुळीच नाही. परका मासा आणि टाकीतले रोग दोन्ही स्थानिक माशांच्या मुळावर येतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी राहणाऱ्या छोट्या माशाला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. असे मासे एखाद्याच कुंडात, झऱ्यात असतात. तेव्हा वाढलेली पिल्लं मित्रांना वाटा, दुकानात परत द्या. व्हाळात, तळ्यात, विहिरीत सोडू नका.