शाळेचे जोते भरण्यापूर्वी



या पानावर आपण नेहमी बेणे, खते आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्या घरचाच आहे.

ऊसनोंदीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. ओट्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. मागच्या गाळपाच्या काट्याच्या पावत्यांची बेरीज तिने माझ्या आधी करून सांगितली. कोणत्या शाळेत जातेस, असे विचारले तर गप्प बसली. पायांत बळ नाही. दुसरीपर्यंत वडिलांनी खांद्यावर बसवून शाळेत नेली. पुढे पोर वाढली, शाळेला तीन पायऱ्या, शौचालय आणखी पलीकडे. शाळा सुटली ती सुटलीच. वडील म्हणाले, "साहेब, डोकं चांगलं हाय तिचं, पन रोज उचलून कोन न्हेनार?"

त्याच शाळेला आता दोन नव्या खोल्या व्हायच्या आहेत. जोते अजून भरलेले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे अशा मुलाला घरी ठेवणे ही दया समजली जाते. कायदा मात्र याला हक्क म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेला अशा मुलाचा प्रवेश भेदभाव करून नाकारता येत नाही. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवे. दोन्हींपैकी कोणती शाळा, हे निवडण्याचा हक्क मुलाचा आहे. काही मुलांना विशेष शाळाच सोयीची पडते, हेही खरे. पण गावची शाळा अडचणीची म्हणून नाइलाजाने दूर पाठवणे, याला निवड म्हणत नाहीत.

आता बांधकामाचे पाहू. उताराचा रस्ता म्हणजे रॅम्प. त्याचे माप सोपे आहे : उंची एक फूट तर लांबी बारा फूट. जोते दीड फूट असेल तर उतार अठरा फूट लांब धरावा. जागा वाचवायला गवंडी आठ-दहा फुटांत उरकतो; तसल्या उतारावरून चाकाची खुर्ची स्वतः चढवता येत नाही आणि उतरताना घसरते. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरबरीत, वर-खाली पाच-पाच फूट सपाट जागा ठेवावी. दार तीन फूट मोकळे, उंबरठा नको. शौचालयात खुर्ची वळण्यापुरती पाच फूट जागा, बसायचे भांडे, धरायला दांड्या, दार बाहेर उघडणारे. नकाशातच हे धरले तर खर्च थोडा वाढतो; मागाहून तोडफोड केली तर दुप्पट त्रास.

पण उतार केला म्हणजे सर्वांची शाळा झाली, असे नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याला पुढच्या बाकावर बसवावे आणि गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ज्याला कमी दिसते त्याला मोठी अक्षरे लागतात. ज्याला उशिरा समजते त्याला तेच काम लहान लहान तुकड्यांत द्यावे. कित्येकदा आपण ज्याला 'ढ' म्हणतो त्याला फळाच दिसत नसतो. चष्मा लागला की पोरगं वाचायला लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून वैद्यकीय पथकाने शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा तपासणी करायची असते. त्या दिवशी मुलाला शेतावर पाठवू नका. पथकाने पुढे तपासायला सांगितले तर टाळू नका.

तुम्ही म्हणाल, आमच्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्यातलेच कितीतरी जण तिथे आहेत. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा : नव्या खोल्यांच्या नकाशात उतार व शौचालय आहे का? गावात शाळेबाहेर राहिलेली दिव्यांग मुले किती? विशेष शिक्षकाची मदत मिळावी म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे मागणी केली का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि मोजताना तोडणीला आलेल्या टोळ्यांची मुले विसरू नका. तीही आपल्याच शिवारात राहतात.

लागण उगवली की आपण सरी-सरीने फिरतो, नांग्या दिसल्या की रोपे आणून भरतो. डोळा उगवला नाही म्हणून कोणी सरी मोकळी सोडत नाही. एकेका रोपासाठी इतके वाकणाऱ्या माणसांना एका पोरीसाठी अठरा फूट उतार जड जाऊ नये.

जोते भरायच्या आत बोला, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी