चाळीस गुंठ्यांतला रस्ता

चाकूरच्या कडेला, लातूर-नांदेड महामार्गापासून थोडं आत, हरभऱ्याच्या रानाला लागून एक एकर सपाट केलेलं आहे. काळ्या मातीवर मुरमाचा अरुंद पट्टा ओढलाय, तोच रस्ता. चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर पांढरे दगड. दोघं टेप ताणून धरतात, तिसरा वहीत आकडे मांडतो.

प्लॉट बघायला आलेली बाई दगडापासून दगडापर्यंत चालत जाते. थांबते. "आन् सांडपाणी कुठं जाणार?"

मध्यस्थ बांधापलीकडच्या ओढ्याकडे हात करतो. ओढा निम्मा मुरमानं बुजलाय. ती काही बोलत नाही, पण नजर तिथून काढत नाही.

"तुकडेबंदी उठली म्हणं?" तिचा नवरा विचारतो.

"उठली की! बिनघोर घ्या. आज बॉण्ड करू, खरेदीखत मागून."

मला गप्प बसवत नाही. विनाशुल्क नियमित होणार आहेत ते १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार, आजचा बॉण्ड त्यात बसत नाही, हे मी नवऱ्याला सांगतो. आणि तुकडेबंदीतून सुटलं म्हणजे ले-आउट मंजूर झाला, असंही नव्हे. नवरा मध्यस्थाकडे बघतो. मध्यस्थ मोबाइलकडे.

जमिनीचे मालक बांधावर बसून ऐकतायत. सत्तरीचे असावेत. "मंजुरीला मी न्हाई म्हणत न्हाई," ते म्हणतात, "पर हिशेब तुम्हीच करा."

हिशेब खरा आहे. राज्याची २०२०ची एकत्रित नियमावली एवढ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी मागते. म्हणजे चाळीसातले चार गुंठे गेले. त्यावर रुंद रस्ते, नाल्या, मोजणीचा नि नकाशाचा खर्च. शंभर एकरवाल्याला हे परवडतं. एका एकराच्या मालकाला नियम पाळणं म्हणजे मुलीच्या लग्नाचे गुंठे सोडणं. सुधारणा अडते ती इथं, आणि मुंबईहून निघालेली अधिसूचना या बांधापर्यंत पोचत नाही.

"आराखड्यात आरक्षण पडलं तर?" ते पुढं विचारतात. भीती पोकळ नाही. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७नुसार दहा वर्षं जागा घेतली नाही, तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेता येतं. पण दहा वर्षं माणसानं धीर धरायचा कसा? त्याच कायद्यात दुसरी वाट आहे, नगररचना परियोजनेची. शेजारशेजारच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मोकळी जागा सगळ्यांनी मिळून सोडायची, आणि प्रत्येकाला आखीव प्लॉट परत. हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी आपणहून जमिनी एकत्र करून वस्ती उभी केली. छोट्या नगरपंचायतीला मात्र त्यासाठी नगररचनाकार हवा, मोजणीदार हवा, आणि घरोघर बसून समजावणारा माणूस हवा. माझ्या मते पहिला खर्च त्या माणसावर व्हावा.

मालक उठतात, शेजारच्या रानाकडे हाक टाकतात. हरभरा खुरपणारा माणूस बांधावर येतो. दोघांच्या मधल्या धुऱ्यावरून बोलणं सुरू होतं: इकडून सहा फूट, तिकडून सहा फूट सोडले, तर ट्रॅक्टर जाईल, नालीही बसेल.

"माझी तयारी हाय," शेजारी म्हणतो. "पर मोजणी सरकारी आणा. अन् माझ्या सातबारावर सहाच फूट कमी झाले पायजेत, सात न्हाई."